मद्य आधीं कीं विषाद आधीं?
अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या चिकित्सेंतील एका वादाचा इतिहास

इ. स. १९८८ च्या एप्रिल महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्याचा निकाल दिला. वादी दोघे होते. दोघेही लष्करांतून सन्मानानें मुक्त झालेले, पूर्वीं मद्यासक्त व पुढें त्या व्यसनांतून सुटलेले. माजी सैनिकांस शिक्षणासाठीं सरकारकडून जें साहाय्य मिळे तें सेवामुक्तीपासून दहा वर्षांच्या आंत घ्यावें असा नियम होता. व्याधीमुळें ज्यास तें घेतां आलें नाहीं त्यास मुदत वाढवून मिळे. या दोघांनीं ती वाढ मागितली. माजी सैनिकांच्या खात्यानें ती नाकारली. कारण एवढेंच कीं, खात्याच्या नियमाप्रमाणें मद्यासक्ति ही व्याधि नसून बुद्धिपुरस्सर केलेलें गैरवर्तन होतें. न्यायालयानें तीन विरुद्ध चार मतांनीं खात्याचा पक्ष उचलून धरला.

या नियमांत एक अपवाद होता, आणि प्रस्तुत लेखाचें सर्व प्रयोजन त्या अपवादांत आहे. एखाद्याचें मद्यपान दुसऱ्या मानसिक विकारापासून उद्भवलेलें असेल तर तें गैरवर्तन समजूं नये, असें तेथें म्हटलें होतें. म्हणजे मद्यासक्ति दोन प्रकारची ठरली. एक मूळची, दुसरी मागाहून आलेली. पहिली अपराध, दुसरी रोग. शिपायाच्या मनांत विषाद आधीं शिरला कीं बाटली आधीं त्याच्या हातीं आली, हें सांगण्याचें काम मनोविकारचिकित्सकाचें. आणि त्याच्या त्या एका वाक्यावर त्या मनुष्याची भाकरी व त्याची अब्रू दोन्ही अवलंबून.

आयुर्वेदाच्या अभ्यासकांस हा भेद अपरिचित नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांत स्वतंत्र व्याधीस अनुबंध्य व परतंत्र व्याधीस अनुबंध अशीं नांवें दिलीं आहेत. निदानस्थानांत एक रोग दुसऱ्या रोगाचें कारण कसा होतो हें सांगून, कांहीं रोग दुसऱ्यास जन्म देऊन स्वतः शमतात व कांहीं शमत नाहींत, असेंही स्पष्ट केलें आहे. मदात्ययास तर चिकित्सास्थानांत निराळा अध्यायच आहे. परंतु चरकाच्या वैद्यास रोग्याचें पेन्शन ठरवावें लागत नव्हतें. लष्कराच्या वैद्याचे धनी नेहमींच दोन असतात, एक रोगी व दुसरें सरकार. या वादाचा इतिहास समजण्यास ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

ती गोष्ट पहिल्या महायुद्धांत जितकी उघडी पडली तितकी पूर्वीं कधीं पडली नव्हती. डॉ. रिव्हर्स यांचें नांव आपल्याकडील मानववंशशास्त्राच्या वाचकांस निराळ्या कारणानें ठाऊक आहे. निलगिरीवरील तोडा लोकांत १९०१-०२ सालीं राहून त्यांनीं १९०६ सालीं त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हेच रिव्हर्स १९१६ च्या ऑक्टोबरांत एडिंबरोनजीकच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयांत चिकित्सक म्हणून आले. तेथें येणाऱ्या अधिकाऱ्यांचीं शरीरें धडधाकट, परंतु झोंप नाहीं, वाचा अडखळते, अंग कांपतें. झालें गेलें विसरून जा, असा उपदेश त्या काळीं अशा रोग्यांस सर्वत्र करीत. रिव्हर्स यांस असें दिसून आलें कीं, जो दिवसभर निश्चयानें विसरतो त्यासच रात्रीं तें सर्व द्विगुणित होऊन दिसतें. डिसेंबर १९१७ मध्यें त्यांनीं लंडन येथील वैद्यकीय सभेपुढें या विषयावर निबंध वाचला. त्यांची चिकित्सा बहुतांशीं ऐकून घेण्याची होती. सामान्य शिपायांच्या वांट्यास असें चिकित्सक क्वचित् येत. वाचा गेलेल्या शिपायांच्या घशास विजेचे झटके देऊन त्यांस बोलतें करण्याचा प्रकार त्याच वर्षांत लंडनमध्यें चालू होता. पण रिव्हर्स यांच्याही यशाचा अर्थ काय होता? रोगी बरा झाला म्हणजे पुनः खंदकांत जावयाचा. कवि ससून यांनीं १९१७ च्या जुलैंत युद्ध चालू ठेवण्याविरुद्ध जाहीर निवेदन केल्यावर त्यांस तेथें पाठविण्यांत आलें, आणि नोव्हेंबरांत ते लढण्यास योग्य ठरून परत गेले. आपण रोग्यास बरें करितों कीं मृत्यूच्या दारीं पोंचवितों, या शंकेनें रिव्हर्स यांस शेवटपर्यंत ग्रासलेलें दिसतें.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यांत आटोपतों. न्यूयॉर्कचे डॉ. कार्डिनर यांनीं पहिल्या महायुद्धांतील माजी सैनिकांवर १९२० नंतरच्या वर्षांत उपचार केले व १९४१ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. युद्ध संपून वर्षें लोटलीं तरी रोग्याचें शरीर युद्धांतच असतें, हा त्या ग्रंथाचा मुख्य सिद्धांत. पुढें १९५२ सालीं अमेरिकेंतील मनोविकारचिकित्सकांनीं जी रोगनामावळी छापली तींत अतितीव्र ताणाच्या विकारास जागा होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तींतून तें नांव वगळण्यांत आलें. व्हिएतनामचें युद्ध त्या वर्षीं ऐन भरांत होतें! हा योगायोग असेल. पण त्याचे परिणाम योगायोगाचे नव्हते. ज्या रोगास नांव नाहीं तो रोग चिकित्सकास दिसत नाहीं.

त्याचें एक उदाहरण असें आहे कीं तें सविस्तर सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९६९ च्या सप्टेंबरांत बोस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सेरा हेली नांवाच्या बाई समाजसेविका म्हणून रुजू झाल्या. पहिल्याच दिवशीं त्यांच्यापुढें एक भयभीत तरुण आला. त्यानें सांगितलें कीं माय लाय नांवाच्या खेड्यांत आपल्या तुकडीनें बायकामुलांची कत्तल केली. आपण गोळी झाडली नाहीं, आणि बाहेर बोललास तर तुला मारूं असें सोबत्यांनीं धमकाविलें. ते सोबती आतां आपल्या मागावर आहेत असें त्यास वाटत होतें. ही हकीकत घेऊन बाई चिकित्सकांच्या बैठकीस गेल्या, तों तेथें निदान आधींच झालेलें. रोगी भ्रमिष्ट आहे, छिन्नमनस्कतेचा संशयप्रधान प्रकार, असा निर्णय. याचें म्हणणें खरें मानलें तर भ्रमाचें दुसरें एकही लक्षण याच्या ठायीं नाहीं, असें बाईंनीं म्हणून पाहिलें; त्यावर सभेंत त्यांचें हसें झालें. हेलीबाईंच्या वडिलांनीं दुसऱ्या महायुद्धांत गुप्त खात्यांत काम केलें होतें व तिकडच्या भयंकर गोष्टी लेकीस सांगितल्या होत्या, म्हणून त्यांस हें असंभाव्य वाटलें नाहीं. दोनच महिन्यांनीं, नोव्हेंबरांत, माय लाय येथें १६ मार्च १९६८ रोजीं झालेलें हत्याकांड वर्तमानपत्रांतून जगापुढें आलें. हेलीबाईंनीं पुढें १९७४ सालीं, रोगी स्वतः अत्याचार सांगूं लागला म्हणजे चिकित्सकानें काय करावें, या विषयावर एक लेख लिहिला. अशा प्रसंगीं ऐकणाऱ्यासच पळून जावेंसें वाटतें, आणि रोगी तें ओळखतो, हें त्यांतील मर्म आहे. मग तो पुनः त्या गोष्टीचा उच्चार करीत नाहीं.

आतां व्यसनाकडे येऊं. १९७१ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या विधिमंडळाचे दोन सभासद व्हिएतनामहून परतले व तेथील शंभरांतील दहा ते पंधरा शिपाई हेरॉईनच्या आहारीं गेले आहेत असा अहवाल त्यांनीं दिला. एकच कोलाहल झाला. हे सर्व लोक गांवोगांव परतल्यावर काय होणार, ही सर्वांची भीति. अध्यक्ष निक्सन यांनीं जून महिन्यांत या कामासाठीं निराळी कचेरी स्थापून तिच्यावर शिकागोचे मनोविकारचिकित्सक जेरोम जॅफी यांची योजना केली. परतीच्या विमानांत बसण्यापूर्वीं प्रत्येक शिपायाच्या लघवीची परीक्षा होऊं लागली; जो सांपडेल त्यास मागें ठेवून व्यसन सोडवून मग घरीं पाठवीत. सेंट लुई येथील ली रॉबिन्स या विदुषीनें १९७१ च्या सप्टेंबरांत परतलेल्यांपैकीं सुमारे नऊशें जणांस पुढें स्वतंत्रपणें गांठून प्रश्न विचारले. उत्तर सर्वांस चकित करणारें निघालें. जवळजवळ निम्म्यांनीं तिकडे अफू किंवा हेरॉईन घेतलें होतें. शंभरांत वीस तर व्यसनाधीन झाले होते. परंतु घरीं आल्यावर पहिल्या वर्षांत या व्यसनाधीनांपैकीं शंभरीं केवळ पांच पुनः व्यसनांत पडले, आणि तीन वर्षांच्या अवधींत शंभरीं बारा.

रॉबिन्सबाईंच्या या आंकड्यांवर आरंभीं पुष्कळांनीं अविश्वास दाखविला, तो निराधार होता. द्रव्य एकदां रक्तांत शिरलें म्हणजे मनुष्य जन्माचा गेला, हा समज त्यांनीं खोडून काढला. परंतु या आंकड्यांचा दुसरा अर्थ, कीं सुटले ते सुटले व न सुटले ते मुळांतच दुर्बल, हा मला ग्राह्य वाटत नाहीं. जागा बदलल्यानें ज्याचें काम भागलें तो सुटला. ज्यानें तिकडची जागा मनांत बरोबर आणली त्याचें काय? हेरॉईन सुटलें तरी दारू कोपऱ्यावरच्या दुकानांत होती, कायद्यास मान्य होती, आणि तिची परीक्षा कोणीं विमानतळावर केली नव्हती.

याचा पुरावा मिळण्यास आणखी सतरा वर्षें लागलीं. दरम्यान १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्यें युद्धविरोधी माजी सैनिक आपआपसांत जमून बोलूं लागले व त्यांनीं रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान या दोन मनोविकारचिकित्सकांस सोबत बसण्यास बोलाविलें. वैद्य रोग्यांच्या बैठकीस निमंत्रित, हा क्रम उलटा होता व त्यांतच त्याचें महत्त्व होतें. त्यांच्या व हेलीबाईंसारख्यांच्या खटपटीनें १९८० सालच्या रोगनामावळींत आघातोत्तर ताणविकृति हें नांव दाखल झालें. मग विधिमंडळाच्या आज्ञेनें व्हिएतनामच्या माजी सैनिकांची देशभर पाहणी होऊन १९८८ सालीं अहवाल सादर झाला. त्यांत असें आढळलें कीं त्या युद्धावर गेलेल्या पुरुषांपैकीं शंभरीं पंधरा या विकारानें त्या वेळींही ग्रस्त होते, आणि अशा रोग्यांपैकीं सुमारे तीनचतुर्थांशांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां मद्याचें व्यसन जडलें होतें. ज्या वर्षीं न्यायालय मद्यासक्तीस गैरवर्तन म्हणण्यास मुभा देत होतें त्याच वर्षीं हा कागद सरकारच्या हातीं पडला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हें जुळें कसें जन्मतें याचा उलगडा १९८५ सालीं डॉ. खांट्झियन यांनीं केला होता. त्यांच्या मतें व्यसनी मनुष्य सुखासाठीं पीत नाहीं; तो स्वतःवर औषधोपचार करीत असतो, आणि औषधाची निवडही दुखण्यावरून होते. शिपायास झोंप हवी असते, पण स्वप्नें नको असतात. मद्यानें पहिल्या प्रहरीं झोंप लागते. तें उतरूं लागलें कीं ती मोडते, स्वप्नें अधिकच दाटतात, अंग कांपतें, दचकणें वाढतें, म्हणून पुनः मद्य. शिवाय मद्य स्वतःच मनास खिन्न करणारें. थोडक्या महिन्यांत विषादामुळें मद्य कीं मद्यामुळें विषाद हें रोग्यासही सांगतां येत नाहीं. अशा मनुष्यास व्यसनमुक्तीच्या विभागांत नेलें तर ते म्हणत, आधीं तुझीं स्वप्नें बरीं करून ये. मनोविकारांच्या विभागांत नेलें तर ते म्हणत, आधीं दारू सोडून ये. दोन दारांमध्यें तो उभाच राही. दोन्हींची चिकित्सा एकाच वेळीं करावी हा विचार रुळण्यास १९९० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं.

येथें थोडें विषयांतर करितों. माझ्या शाळेंतून शिकून गेलेला एक विद्यार्थी सैन्यांत भरती झाला व १९८७ ते १९९० या काळांत आपली शांतिसेना श्रीलंकेंत होती तेव्हां तिकडे होता. परत आल्यावर तो पिऊं लागला. एकदां बाजाराच्या दिवशीं सकाळींच त्याच्या तोंडाला वास आला, तेव्हां मीं त्यास रस्त्यांतच थांबवून व्यसनांविषयीं दोन सुभाषितें ऐकविलीं व घराण्याची आठवण दिली. त्यानें खालीं पाहून, "गुरुजी, झोंप लागत नाहीं," एवढेंच म्हटलें. मला ती सबब वाटली, व तसें मीं त्यास बोलूनही दाखविलें. पुढें तो मला दुरून पाहिलें कीं वाट बदली. आज तो हयात नाहीं. ज्या बैठकींत हेलीबाईंचें हसें झालें तिच्याविषयीं वाचलें तेव्हां त्या बैठकींत मीही बसलों होतों असें मला वाटलें, म्हणून ही गोष्ट येथें नोंदविली.

त्याच बोस्टन शहरांत माजी सैनिकांच्या बाह्यरुग्ण चिकित्सालयांत १९८७ पासून सुमारें वीस वर्षें डॉ. जोनाथन शे यांनीं काम केलें. हे मूळचे मेंदूच्या रसायनाचे संशोधक. चाळिशींत त्यांस पक्षाघात झाला, आणि दुखणेकरी असतां वेळ घालविण्यासाठीं त्यांनीं ग्रीक महाकाव्यांचीं भाषांतरें वाचलीं. चिकित्सालयांत ते आपलें संशोधन पुढें चालविण्याच्या बेतानें गेले होते, पण समोरच्या माणसांनीं त्यांस निराळ्याच कामास लावलें. युद्ध सोडून वीस वर्षें झालेले, संसार मोडलेले, दारू व इतर व्यसनांनीं खचलेले असे हे लोक होते. त्यांचें बोलणें ऐकतां ऐकतां शे यांस होमराचा अकिलीझ आठवूं लागला, आणि १९९४ सालीं त्यांनीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचें प्रतिपादन असें कीं केवळ भयानें मनुष्य असा मोडत नाहीं. ज्यांच्या हातीं अधिकार आहे त्यांनीं ऐन प्रसंगीं न्याय सोडला, जिवलग सोबती मेला, व त्या संतापांत आपल्या हातून नको तें घडलें. या तिहींनीं शीलच भंगतें. ग्रीक भाषेंतील ज्या शब्दाचा त्यांनीं आधार घेतला त्याचें भाषांतर करण्यास इंग्रजींत त्यांस तीनचार शब्द खर्ची घालावे लागले. आपल्याकडे धर्म या एका शब्दानें तें काम भागतें. १९९४ नंतर या जखमेस नैतिक इजा असें नांव रूढ होत गेलें.

शे यांचा दुसरा ग्रंथ २००२ सालचा. तो घरीं परतणाऱ्या ओडिसिअसविषयीं आहे, आणि व्यसनाचें प्रकरण त्यांत आहे. वाटेंत कमळें खाऊन घरची आठवण विसरणारे खलाशी हे त्यांच्या मतें चैनी लोक नव्हत. दुःखापासून पळणारे शिपाई होते. त्यांच्या चिकित्सालयाचा क्रम मात्र कवित्वाचा नव्हता. प्रथम नशा बंद, अंगाची काळजी, व मारामारीपासून दूर राहणें. हें साधल्यावांचून युद्धाची गोष्ट काढावयाची नाहीं. मग ती गोष्ट अशाच दुसऱ्या शिपायांपुढें सांगावयाची. अखेर मेलेल्यांचा शोक करावयाचा. चिकित्सकाचें काम मंडळी जमविण्याचें व टिकविण्याचें; बरें करणारे ते एकमेकांस, अशी त्यांची धारणा होती.

शे यांनीं ग्रीकांकडे पाहिलें. आमच्यापाशीं याच प्रश्नाचा याहून उघड दाखला मौसलपर्वांत आहे. भारतीय युद्धास छत्तीस वर्षें झालीं आहेत. द्वारका नगरांत दवंडी पिटण्यांत येते कीं कोणीही मद्य गाळूं नये. जो गाळील त्यास बांधवांसह शूलावर चढवूं. दारूबंदीचा इतका कडक हुकूम आजही कोणतें सरकार काढणार नाहीं. तरीही प्रभासक्षेत्रीं यादव कृष्णाच्या समक्ष प्याले. आणि पिऊन काय बोलले हें पाहण्यासारखें आहे. सात्यकीनें कृतवर्म्यास हिणविलें, कीं झोंपलेल्यांस मारणारा तूं क्षत्रिय कसला. हा सौप्तिकांतील त्या रात्रीचा उल्लेख. कृतवर्म्यानें उलट विचारलें, कीं हात तुटून प्रायोपवेशनास बसलेल्या भूरिश्रव्यास मारणारा तूं कोण. छत्तीस वर्षांत दोघांनीं हे शब्द काढले नव्हते असें नाहीं. पण आंत ते तसेच होते, आणि बाहेर येण्यास त्यांस मद्याचें निमित्त झालें. सात्यकीनें कृतवर्म्याचें शिर उडविलें व त्यापुढचा अनर्थ सर्वश्रुत आहे. काव्य हें दप्तर नव्हे, आणि सात्यकीस आधुनिक रोगनाम चिकटविण्याचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्यानें टाळावा. शे यांचेंही सर्वच प्रतिपादन या कसोटीस उतरत नाहीं, कारण अकिलीझ त्यांच्या चिकित्सालयांत आला नव्हता. तथापि युद्धांतील अधर्म व म्हाताऱ्या योद्ध्यांचें मद्य यांची गांठ रचनाकारास दिसली होती, एवढें या पर्वावरून निःसंशय म्हणतां येतें.

न्यायालयाच्या त्या निकालाचें पुढें काय झालें तें सांगून लेख पुरा करितों. १९८८ च्या अखेरीसच विधिमंडळानें कायदा करून शिक्षणसाहाय्याच्या मुदतीपुरतें मद्यासक्तीस गैरवर्तन समजूं नये असें ठरविलें. १९९० सालीं मात्र उलट कायदा झाला, कीं केवळ मद्यापासून किंवा मादक द्रव्यांपासून आलेल्या अपंगत्वाबद्दल माजी सैनिकास भरपाई मिळणार नाहीं. २००१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्याचा अर्थ लावतांना निर्णय दिला कीं, सैन्यसेवेमुळें जडलेल्या मनोविकारापासून मद्यासक्ति उद्भवली असल्यास भरपाई देतां येते. मात्र तसें वैद्यकीय पुराव्यानें सिद्ध झालें पाहिजे. म्हणजे विषाद आधीं कीं मद्य आधीं हा प्रश्न पुनः चिकित्सकाच्याच मेजावर आला. व्हिएतनामच्या काळांत अवज्ञा, गैरहजेरी, मादक द्रव्यें इत्यादि कारणांवरून ज्यांस डाग असलेला सेवामुक्तीचा दाखला मिळाला असे सुमारें अडीच लाख लोक होते व त्यांतील बहुतेकांस माजी सैनिकांच्या सवलती बंद झाल्या होत्या. अशांचे अर्ज या विकाराच्या दृष्टीनें उदारपणें पुनः तपासावे असा हुकूम संरक्षणमंत्र्यांनीं ३ सप्टेंबर २०१४ रोजीं काढला. १९७१ सालीं वीस वर्षांचा असलेला शिपाई त्या दिवशीं त्रेसष्ट वर्षांचा होता.